बॅनरवरचा चेहरा

आमच्या तंजावुरात मुलाचे कान टोचले, मुलगी वयात आली, लग्न ठरलं किंवा पुढारी गावात आला, की रस्त्यावर फ्लेक्सचा बॅनर लागलाच म्हणून समजा. माणूस मेला तरी लागतो. वर मोठ्या तमिळ अक्षरांत 'कण्णीर अंजली', म्हणजे अश्रूंची आदरांजली, आणि खाली गेलेल्याचा फोटो, कपाळापासून गळ्यापर्यंत, बैलगाडीएवढा. मला या प्रकाराचा पहिल्यापासून तिटकारा. दुःख काय दुकानाची पाटी आहे का? पण माझी भावजय वासुकी या बॅनरांवर खूश असायची, आणि तेही गणितापायी.

वासुकी मुलींच्या शाळेत दहावीला गणित शिकवते. समरूप आकृत्यांचा धडा आला की ती वर्गाला घेऊन बाहेर पडायची. कोपऱ्यावर कुठल्यातरी नवरदेवाचा बॅनर असायचाच. बॅनर छापणारे गुरुमूर्ती हे तिच्या एका जुन्या विद्यार्थिनीचे वडील. त्यांच्याकडून ती त्याच फोटोची छोटी प्रत मागून आणायची. मुली टेप लावून आधी छोटं नाक मोजायच्या, मग मोठं. बारा पट. हनुवटी बारा पट, कानही बारा पट. मग वासुकी विचारायची, मोठा फोटो झाकायला छोटे किती लागतील? सगळ्या जणी एका सुरात सांगायच्या, बारा. दरवर्षी तेच चुकीचं उत्तर आणि दरवर्षी तिला तोच आनंद. छोट्या फोटोच्या झेरॉक्स ती एका ओळीत धरायला लावायची. बारा संपल्या की म्हणायची, ही झाली फक्त कपाळाची पट्टी, अशा अकरा पट्ट्या अजून खाली यायच्यात. मुलींचे चेहरे बघण्यासारखे व्हायचे म्हणे. बाजू बारा पट झाली तर क्षेत्रफळ एकशे चव्वेचाळीस पट, हे त्या मुली जन्मात विसरल्या नसतील.

घरातही तिची सुटका नव्हती. मला दुप्पट रुंद डोसा हवा म्हटलं, तर पीठ चौपट लागेल अक्का, असं ऐकवायची. मी तिची मोठी नणंद, पोस्टातून रिटायर झालेली, आणि नवरा गेल्यापासून याच घरात राहणारी. माझं तोंड बंद करणारी ती एकटीच. तिचा सुंदर जवळच बसलेला असला की दोघं मिळून मला हसायची. एकुलता एक मुलगा, बारावीत होता. चेहरा आईसारखाच लांबट आणि हनुवटी टोकदार.

गेल्या वर्षी आडी महिन्यात, म्हणजे आषाढाच्या सुमारास, कालव्याला पाणी सोडलं होतं. सुंदर मित्रांबरोबर पोहायला गेला. मित्र वर आले, तो आला नाही.

तिसऱ्या दिवशी त्या मित्रांनी आमच्या गल्लीच्या तोंडाशी बॅनर लावला. मोबाइलमधला फोटो उभा होता आणि बॅनरवरची चौकट चौरस. गुरुमूर्ती त्या दिवशी गावी गेलेले. दुकानात बसलेल्या कोणीतरी तो फोटो दोन्ही बाजूंनी ओढून चौकटीत बसवून टाकला. उंची तेवढीच राहिली आणि रुंदी वाढली. गाल सुजल्यासारखे, डोळे एकमेकांपासून लांब गेलेले. आमचा पोरगा कुठल्यातरी गुटगुटीत अनोळखी मुलासारखा दिसत होता. माझा संताप झाला. मी तो फाडायलाच निघाले होते, पण वासुकीने माझा हात धरला.

"नोको, अक्का. पोरं रडत रडत लावून गेलीत. असूं दे."

आमच्या घराची रीत अशी, की वर्षश्राद्ध होईपर्यंत गेलेल्याचा फोटो भिंतीवर लावायचा नाही. माझा भाऊ गणेशकुमार त्याच्याही पुढे गेला. सुंदरचे होते नव्हते ते सगळे फोटो त्याने कपाटात कुलूपबंद केले आणि मोबाइलमधलेही काढून टाकले. वासुकीला ते बघवणार नाहीत असं त्याला वाटलं. तिनेही ते मागितले नाहीत. त्यामुळे वर्षभर तिच्या नजरेला सुंदर पडला तो फक्त त्या बॅनरवर. सकाळी शाळेची बस पकडायला जाताना आणि संध्याकाळी परतताना ती त्याच्या खालून जायची. मी तिच्याबरोबर असले की मान खाली घालायचे. ती मात्र वर बघायची.

मार्गळी महिन्यात, डिसेंबरच्या सुमारास, शाळेत तोच धडा आला. यंदा तिने मुलींना बाहेर नेलं नाही, फळ्यावर त्रिकोण काढले. मग जननी नावाची मुलगी उभी राहिली. साधी, गरीब मुलगी, खोड काढणाऱ्यांतली नव्हे. आडव्या बाजूचा गुणक वेगळा आणि उभ्या बाजूचा वेगळा असला तर क्षेत्रफळ कसं काढायचं, असं तिने विचारलं. मुली एकमेकींकडे बघायला लागल्या. आमच्या गल्लीवरून जाणाऱ्या मुली त्या वर्गात होत्या. जननीला आपण काय विचारलं ते उशिरा कळलं आणि ती उभ्या उभ्या रडायला लागली.

वासुकीने तिला बसवलं आणि उदाहरण सोडवून दाखवलं. रुंदी चार पट, उंची तीन पट, तर क्षेत्रफळ बारा पट. क्षेत्रफळ मिळतं, पण आकृती समरूप राहत नाही, ती दुसरीच होते, असं सांगून तिने तास पुरा केला. हे सगळं तिनेच मला घरी येऊन सांगितलं. समोरची कॉफी तशीच निवून गेली. दुसऱ्यांच्या मुलींना मी बरोबर शिकवते, म्हणाली, आणि माझा मुलगा माझ्याच गल्लीत चुकीचा टांगलेला आहे. वर्षश्राद्धाला बरोबर मापाचा बॅनर लावायचा असं तिने त्या संध्याकाळी ठरवलं. मला बरं वाटलं. इतक्या महिन्यांत तिने पहिल्यांदाच काहीतरी हवं म्हटलं होतं.

आडी जवळ आला तशी ती स्वतः गुरुमूर्तींकडे गेली. फोटो चार इंच बाय सहा इंच, बॅनर चार फूट बाय सहा फूट, उभा. दोन्ही बाजूंना गुणक एकच, बारा. गुरुमूर्तींनी मागच्या वेळेबद्दल पुन्हा पुन्हा माफी मागितली. कपाटातला फोटो मात्र तिने पाहिला नाही, गणेशकुमारच दुकानात देऊन आला. बघायचा तो मोठाच बघेन, म्हणाली.

श्राद्धाच्या सकाळी मित्रांनी जुना बॅनर उतरवला. उन्हापावसाने त्याचा रंग उडाला होता. नवा वर चढला. तोच लांबट चेहरा, तीच हनुवटी, हसताना एका बाजूला किंचित वर जाणारा तोच ओठ. गणेशकुमार शेजारच्या पायरीवर बसला आणि वर्षभर कोंडलेलं रडू सगळ्यांदेखत मोकळं केलं. मित्रही डोळे पुसत होते. मीही रडले, आणि खरं सांगते, त्यात थोडा आनंद होता. आमचा सुंदर आम्हाला परत दिसला होता.

वासुकी रडली नाही. तिने छोटा फोटो मागून घेतला, कपाळापासून हनुवटीपर्यंत मोजला आणि एका मित्राला शिडीवर चढवून वरचं माप घ्यायला लावलं. मग रुंदी घेतली. मनात भागाकार केला. मग कितीतरी वेळ वर बघत उभी राहिली.

"अक्का, माप अस्कं, सगळंच बरोबर आहे," ती म्हणाली.

मी म्हटलं, हो गे, आता खरा आपला सुंदर दिसतोय.

तिने मान हलवली. आवाज इतका खाली, की मला जवळ सरकावं लागलं.

"डोळे मिटले की मला तो रुंद चेहराच येतो. हा कोण तें मला कळत नाही. तुम्हाला आठवतो ना तो? असाच होता का?"

मी हो म्हणाले. तिने मान डोलावली आणि बॅनरकडे न बघता माझ्याकडेच बघत राहिली.