एकशे पंधरा की एकशे सत्तेचाळीस

ताईने अमेरिकेत पिस्तूल घेतलं आणि पुढचा प्रश्न मला विचारला.

तिच्या मागच्या रस्त्यावरच्या एका घरात भरदिवसा चोर शिरले होते, आत बाई असताना. भावजी गेल्यापासून टेक्सासमधल्या घरात ताई आणि तिची शाळकरी मुलगी, दोघीच. "झोप म्हणून लागत नाही रे," ती म्हणाली. दुकानदाराने पिस्तूल निवडून दिलं. काडतुसांच्या वेळी मात्र त्याने दोन डबे पुढे ठेवले. एकात एकशे पंधरा ग्रेन वजनाची गोळी, दुसऱ्यात एकशे सत्तेचाळीसची. ताई दोन्ही न घेता घरी आली.

"तू दर शनिवारी कागदाला भोकं पाडायला जातोस ना? मग सांग आता. तेवढा तरी उपयोगी पड."

ती चेष्टा करत होती, पण मला आनंद झाला, आणि त्या आनंदाची अजूनही लाज वाटते. भावजी आजारी असताना मी इकडे नेदरलँड्समध्ये, आइंडहोवनला "प्रोजेक्ट संपला की येतो" म्हणत राहिलो आणि सगळं संपल्यावर पोचलो. तेव्हापासून ताईने माझ्याकडे काहीच मागितलं नव्हतं. आता मागितलं होतं, तेही मला येत असलेलं.

आइंडहोवनला लागून असलेल्या आमच्या न्यूनेन गावच्या नेमबाजी क्लबात स्वसंरक्षणाचं नाव कुणी काढत नाही. इथे पिस्तूल हे खेळाचं साहित्य. चोराबिराची भाषा करणाऱ्याकडे लोक कॉफीचा कप खाली ठेवून बघतात. माझ्या सभासदत्वाच्या वेळी माझ्याबद्दल खात्री दिली ती गावातल्याच एका निवृत्त शिक्षकांनी. मी मनातल्या मनात त्यांना मास्तर म्हणतो. मी हलकी गोळी वापरायचो, मास्तर जड. म्हणून त्या शनिवारी मी त्यांच्याकडे थोडी जड काडतुसं मागितली.

"आज कसं काय?"

"मनगट दुखतंय," मी म्हणालो. जड गोळीचा झटका मऊ असतो, त्यामुळे त्यांना ते पटलं. खरं सांगितलं असतं तर त्यांनी माझ्यासाठी टाकलेला शब्द वाया गेला, असं त्यांना वाटलं असतं. निदान मी स्वतःची समजूत तशी घातली.

ताईच्या हातात फार जोर नाही, म्हणून मी डाव्या हाताने मारून पाहिलं. हलकी गोळी वेगाने जाते आणि हाताला हिसका देते. पिस्तुलाचं तोंड वर उडतं. जड गोळी सावकाश जाते, तळहाताला नुसतं ढकलल्यासारखं वाटतं, आणि दुसरा नेम लवकर लागतो. पुढून पोकळ असलेल्या, ताईला तिकडच्या दुकानात मिळणाऱ्या गोळ्या आम्हाला इथे वापरता येत नाहीत, पण हाताला कळायचं ते साध्या गोळ्यांनीही कळलं. संध्याकाळी मी ताईला लिहिलं, "एकशे सत्तेचाळीस. डोळे झाकून तोच डबा घे." ऑफिसातसुद्धा कधी इतक्या खात्रीने उत्तर दिलं नसेल.

दुसऱ्या दिवशी मास्तर सायकलवरून आले. त्यांच्या हातात मनगटाला बांधायचा पट्टा होता. "माझा जुना आहे, पण धुतलाय." त्यांनी तो माझ्या हातावर स्वतः बांधून दिला आणि कॉफी न घेताच गेले.

मी तो काढला नाही. काढायचा धीर झाला नाही म्हणा. संध्याकाळी ताईचा व्हिडिओ कॉल आला, तेव्हाही तो हातावरच होता. तिच्याकडे दुपार होती.

"अरे, हाताला काय झालं?"

"काही नाही. खोटं बोललो."

"कुणाशी? बायकोशी?" ती हसली. मग तिने फोन फिरवून पलंगाशेजारची छोटी तिजोरी दाखवली. "इथे ठेवणार. दार समोर आहे. तू सांगितलेला डबा आणलाय. आता इथून—"

"आई, आय कॅन हिअर एव्हरीथिंग!" आतून भाचीचा आवाज आला. "हाय मामा!"

"ही कुठून बोलतेय?"

"तिच्या खोलीतून. दाराशेजारच्या भिंतीपलीकडे. कान बघ किती तिखट!"

कान तिखट नव्हते, भिंत पातळ होती. मला ते माहीत होतं. भावजींच्या नंतर गेलो तेव्हा मी भाचीच्याच खोलीत झोपलो होतो. ताईचा प्रत्येक हुंदका मला ऐकू आला होता आणि मी उठलो नव्हतो. ती भिंत माझ्याइतकी कुणाला ठाऊक होती? तरी मी झटका मोजला, वेग मोजला आणि उत्तर कळवून मोकळा झालो.

"ताई, ती भिंत विटांची नाही, नुसत्या जिप्सम बोर्डाची आहे. गोळी पलीकडे जाईल."

तिचा चेहरा उतरला. "मग हलकी आणू का? बदलून देतील."

"तीही जाईल. दोन्ही जातील."

"हे आधी का नाही सांगितलंस?"

"तू काहीतरी विचारलंस म्हणून खूश झालो. बाकी सुचलंच नाही." मग तेही सांगून टाकलं. "तुझं रडणं त्या भिंतीतून ऐकलं होतं मी. उठून आलो नाही."

"मला माहीत आहे," ताई म्हणाली. "तुझं कूस बदलणंही मला इकडे ऐकू येत होतं."

तीच पुढे म्हणाली, "आता कामाचं सांग. काय करू?"

आम्ही घराच्या भिंती एकेक करून आठवल्या. विटांची, बाहेरची भिंत एकाच बाजूला होती. पलंग कोपऱ्यात हलवला तर दाराकडे नेम धरताना पलीकडे भाचीच्या खोलीऐवजी तीच भिंत येत होती. आणि काही खुट्ट झालं तर भाचीने आधी आईच्या खोलीत यायचं, दार लावून घ्यायचं, पोलिसांना फोन करायचा. पिस्तूल सगळ्यात शेवटी. "मला तर तिकडे यायला आवडेल," आतून भाची इंग्रजीतच म्हणाली, "माझ्या गादीच्या स्प्रिंगा टोचतात."

"फोन ठेवू नकोस," ताई मला म्हणाली. तिने तो कपाटावर उभा केला. मला फक्त छत आणि फिरता पंखा दिसत होता. खाली दोघी पलंग ओढत होत्या. लाकूड जमिनीवर घासत होतं. भाची "आई, लिफ्ट, डोन्ट पुश!" म्हणून ओरडत होती आणि ताई मराठीत तिला शिव्या घालत होती. मी न्यूनेनमध्ये खिडकीशी बसून ते सगळं ऐकलं. पलंग भिंतीला टेकल्याचा आवाज आला, तेव्हा मनगटावरचा पट्टा सोडला, त्याची घडी केली आणि मास्तरांकडे जायला सायकलची किल्ली शोधू लागलो.