दारात न उतरलेली राणी

मिशिगनमधल्या ट्रॉयहून शिकागोला मार्चात मोटारीने जावं का, यावर इथल्या जाणकारांचं एकमत आहे: जाऊ नये. यंदा, १९८६च्या मार्चात, आम्ही गेलो, कारण मीरा तिथल्या विद्यापीठात एका राणीवर शोधनिबंध वाचणार होती; इतिहासात त्या राणीबद्दल म्हणे चारच ओळी आहेत. मीरा ही माझे मित्र नाना आणि वहिनी यांची मुलगी. तिने मेडिकल सोडून चीनचा इतिहास घेतला, तेव्हापासून मोटार कंपनीत इंजिनिअर असलेले नाना तिच्याशी फक्त हवामानावर बोलत. बाबांनी येऊन ऐकावं, एवढीच तिची इच्छा होती. तीही तिने आईमार्फत कळवली.

रस्ता सोपा. नाइंटी-फोर धरायचा आणि पश्चिमेला जात राहायचं. पाचेक तास लागतात. कॉफी जागोजागी मिळते, न प्यायलेली बरी. रेस्ट एरियात वहिनींनी दशम्या आणि लसणाची चटणी काढली, तेव्हा शेजारचं कुटुंब अत्यंत सभ्यपणे दूरच्या टेबलावर गेलं. शिकागोचं घड्याळ तासभर मागे असतं, त्यामुळे उशिरा निघूनही आम्ही वेळेवर पोहोचलो.

विद्यापीठाच्या दारात मात्र नाना स्टिअरिंग सोडेनात.

"तुम्ही जा. इथे गाडी टो करतात."

"अहो, समोर पार्किंग लॉट आहे," वहिनी म्हणाल्या.

"चार ओळींच्या राणीसाठी चार डॉलर?"

मीरा पायरीवरच उभी होती. "इट्स ओके, आई," म्हणून ती आत गेली.

राणी खरंच चार ओळींची निघाली. पुढे चीनच्या ईशान्येकडल्या मांचू लोकांचा राजा झालेल्या माणसाची ही सुरुवातीच्या काळातली बायको. एका वडीलधाऱ्याच्या दारावरून बर्फातल्या घसरगाडीत बसून गेली, खाली उतरली नाही, म्हणून सासऱ्याने तिला घालवून दिलं, असं सांगतात. मुलगा मागे राहिला. तिचं नावही कुणी लिहिलं नाही. आमच्या संस्कृतात राणीला नाव नसलं तरी निदान पाच विशेषणं मिळतात.

मी हळूच बाहेर आलो आणि गाडीची काच वाजवली.

"नाना, राणीला कशावरून घालवलं ठाऊक आहे? दारात उतरली नाही म्हणून."

"मग?"

"मग काही नाही. बसा तुम्ही."

थोड्या वेळाने त्यांनी इंजिन बंद केलं. "लॉट कुठे म्हणाली ही?"

प्रश्नोत्तरं चालू असताना शेवटच्या रांगेतून नानांचा हात वर गेला. इंग्रजीत सुरुवात करून ते थेट मराठीवर आले. "पण ती माहेरी तर गेली ना?"

मीराने मराठीतच उत्तर दिलं. "माहेर राहिलंच नव्हतं, बाबा. सासऱ्यानेच ते राज्य आधी जिंकलं होतं. पुढचं कोणालाच माहीत नाही." मग तिने ते सभागृहाला इंग्रजीत सांगितलं.

शिकागो कसं आहे, असं विचाराल तर इमारती उंच आहेत आणि तळ्याचा काठ गोठलेला होता. तिघांत एक मोटेलची खोली घेतली तर परवडतं, फक्त नाना घोरतात.

ट्रॉयला परतून आठवडा झाला. काल जेवायला आलेल्या डॉक्टर मंडळींना नाना राणीची गोष्ट सांगत होते. माहेरच्या घराण्याचं नाव आठवेना, तेव्हा ताटावरून उठून त्यांनी मीराला फोन लावला. नाव एका मिनिटात मिळालं असावं. फोन चालूच राहिला. कढी निवली, पाहुण्यांनी ताक मागून घेतलं. वहिनी पळी हातात घेऊन दारात उभ्या होत्या. नानांना हाक मारायची हिंमत आमच्यापैकी कोणी केली नाही.