गुंड्या चावला एकदाचा

शिंपीणकाकू घरातच मशीनवर कपडे शिवत. नवरा गेल्यावर याच मशीनवर त्यांनी मुलीला वाढवलं. पण हल्ली गिऱ्हाईक दारात आलं, की त्यांचा कुत्रा गुंड्या आधी त्याची पोटरी धरायचा. घरमालकाने बजावलं होतं, "याला सुधारा, नाहीतर घालवा." म्हणून काकूंनी द्वाड कुत्र्यांना वळण लावणाऱ्या टीव्हीवरच्या मालिकेला साकडं घातलं.

आज ती मंडळी आली आणि गुंड्या सकाळभर शहाण्यासारखा बसून राहिला!

दिग्दर्शक म्हणाला, "काकू, ही तर गरीब गाय. आम्ही दुसरं घर बघतो."

"अहो, खरंच चावतो हो तो!" काकू रडवेल्या झाल्या.

"आई, जन्मात पहिल्यांदा कुणी त्याला चांगलं म्हणतंय आणि तू चहाड्या करतेस," मुलगी म्हणाली खरी, पण तिचाही चेहरा पडला होता.

निघताना अंगणात काकूंचे दोन शब्द घ्यावेत म्हणून एकाने लांब काठीचा माइक पुढे केला. वाऱ्याचा आवाज येऊ नये म्हणून त्यावर केसाळ टोपडं होतं. गुंड्याला वाटलं, मांजरच आलं. त्याने झेप घेतली आणि टोपडं टराटरा फाडलं.

"कॅमेरा चालू होता ना?" दिग्दर्शक ओरडला.

"होता!"

प्रशिक्षकबाई हसत म्हणाल्या, "काकू, उद्यापासून याची शिकवणी."

काकूंचा जीव भांड्यात पडला. सुईत दोरा ओवत त्या म्हणाल्या, "आणा ते मांजर इकडे, शिवून देते. आणि तू रे गुलामा, अगदी वेळेवर चावलास हो!"