बाबूचं बीळ आणि तांबडं तूस

उंबरकोंडाच्या सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या कातळपठारावर, लष्कराचा गाड्यांचा डेपो आहे. फार मोठा नाही. पन्नासेक ट्रक, दोन क्रेन, एक वर्कशॉप, एक मेस आणि चुन्यानं रंगवलेले दगड, ते मात्र मोजायला बसाल तर दिवस जाईल. त्या दगडांचा धनी म्हणजे बाबू धनावडे. कागदावर तो साधा मजूर, पण चौतीस वर्षं चुन्याची बादली त्याच्याच हातात.

लष्करात एक रीत असते. मोठा साहेब तपासणीला येणार म्हटलं की जे जागचं हलत नाही त्याला रंग लागतो. झाडाला खाली गेरू, वर चुना. दगडाला चुना, दगडाशेजारच्या दगडालाही चुना. एकदा तर धुक्याच्या सकाळी बाबू खाली मान घालून रंगवत निघाला, आणि फाटकाजवळ बसलेल्या म्हशीच्या पाठीवर हातभर रुंद पांढरा पट्टा ओढून मोकळा झाला. म्हैस रवंथ करत होती, तिनं काही हरकत घेतली नाही. दहा वाजता जनरलसाहेब आले तेव्हा ती उठून त्यांच्या जीपपुढं उभी राहिली. साहेबांनी तिला खालीवर न्याहाळलं आणि गंभीर चेहऱ्यानं विचारलं, ही कुठल्या युनिटची?

असा हा बाबू. पण त्याची खरी कीर्ती चुन्यानं नव्हे, बिळानं झाली होती.

झालं होतं असं. डेपोत गाड्या धुवायचा एक उतार आहे. अठरा वर्षांपूर्वी धुण्याचं पाणी तिथंच तुंबायचं. नकाशात त्या जागी शोषखड्डा दाखवलेला, पण तो नकाशातून जमिनीवर कधी उतरलाच नव्हता. तपासणी दोन दिवसांवर आली आणि तिथं डासांचं तळं. त्या वेळचे साहेब डोक्याला हात लावून बसले. बाबू म्हणाला, मी बघतो. सड्याचा कातळ वरून दिसतो अखंड, पण आत त्याला भेगा असतात हे तिथं जन्मलेल्याला सांगावं लागत नाही. बाबूनं पहार घेतली, ठोकून ठोकून कुठं पोकळ वाजतंय ते ऐकलं आणि दुपारपर्यंत एक भेग बादलीच्या तोंडाएवढी मोठी केली. तळं घटाघटा आत गेलं. साहेबांनी बाबूच्या पाठीवर अशी थाप मारली की तो ती पुढं प्रत्येक लग्नात पाठ वळवून दाखवायचा. जवान त्या भोकाला ‘बाबू का बिल’ म्हणू लागले. कोंडातली, म्हणजे खालच्या वाडीतली, माणसं म्हणायची, बाबूचं बीळ.

घरात मात्र या बिळाचं कौतुक नव्हतं. बायको तुळसा उंबराखालच्या झऱ्यावर जायची. झरा डोंगराच्या पायथ्याशी, बारमाही. पंचायतीचा नळ असला तरी शिमगा सरला की तो आचके देतो आणि मग सगळा कोंड झऱ्यावर येतो. तुळसा दर वर्षी म्हणायची, “आवो, पाण्याला डिझेलचा वास मारतोय.”

“डेपोत मी असतो. वास माझ्या कपड्यांचा. तोच तुझ्या नाकात बसलाय.”

“कपडे मी धुते. कपड्यांचा वास मला ठाऊक हाय. ह्यो पाण्याचा.”

“दुसऱ्या कुणाला येत नाय तो.”

“दुसऱ्यांना पण येतो. तुमाला तोंडावर कोण सांगणार? तुमाला तर येणारच नाय, नाक चुन्यानं बुजलंय.”

हा संवाद अठरा वर्षं चालला. दोघांनाही तो पाठ होता.

त्या जानेवारीत डेपोत वेदिका आली. खेडची मुलगी, लोट्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात चार वर्षं पर्यावरणाचं काम केलेली. वरून हुकूम आला होता की आता लष्करी तळांवरही पर्यावरण व्यवस्थापनाची पद्धत बसवायची, आणि ती बसवून द्यायला हिला बोलावलं होतं. पहिल्याच दिवशी तिनं सगळ्यांना वर्कशॉपमध्ये जमवलं. म्हणाली, यात अवघड काही नाही. आपण इथं जे जे करतो त्यातलं काय हवेत जातं, काय जमिनीत, काय पाण्यात, ते आधी खरंखरं लिहायचं. मग त्यातलं वाईट कमी कसं करायचं ते ठरवायचं, ठरवलं तसं करायचं, आणि पुढच्या वर्षी पुन्हा जाऊन बघायचं.

ऑफिसातला दीपक कारकून हळूच म्हणाला, “बाबूकाका, यात चुना कुठंच नाय. तुम्ही रिटायर व्हा.”

बाबू मार्चअखेर रिटायर होणारच होता. कमांडिंग साहेब हिमाचलचे, मनानं मोठे. त्यांनी बाबूसाठी सागवानी लाकडाची मानाची पाटी करून घेतली होती. तिच्यावर कोरलं होतं की बाबू धनावडे यांनी गाड्या धुण्याच्या पाण्याचा प्रश्न स्वतःच्या कल्पकतेनं कायमचा सोडवला. पाटीचा फोटो दीपकनं आधीच दाखवला होता आणि बाबूनं तो कोंडात घरोघर फिरवला होता. पाटी कुठं लावायची ती खुंटीही ठोकून झाली होती.

वेदिका वही घेऊन गाड्या धुवायच्या उताराशी आली. बरोबर साहेब, दीपक आणि बाबू.

“हे पाणी जातं कुठं?” तिनं विचारलं.

“बाबूकाकांच्या बिळात,” दीपक म्हणाला.

“आणि बीळ कुठं जातं?”

अठरा वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. तीन तपासण्या, सात साहेब, एक म्हैस, कुणीच नाही. साहेबांनी बाबूकडं पाहिलं. दीपकनं बाबूकडं पाहिलं.

“काका, तुम्हीच खोदलंत ना? आत शोषलं जातं का?”

बाबूच्या डोळ्यांपुढं पाटी आली, खुंटी आली. “शोषलं जातं,” तो म्हणाला. “कातळ हाय, पितो.”

वेदिकानं लिहून घेतलं आणि वही पुढं केली. “माहिती कुणी दिली त्याची सही लागते. इथं.”

बाबूनं सही केली. चौतीस वर्षांत त्यानं पगाराखेरीज कशावर सही केली नव्हती. ही सही त्याला घरी जाईपर्यंत बोटात ठुसठुसत होती. तुळसानं भाकरी वाढली तर त्यानं अर्धी ठेवली.

“काय झालं?”

“काय नाय. झऱ्याला अजून वास मारतो काय?”

तुळसानं हातातली पळी खाली ठेवली. “आज कसं विचारलंत?”

“असंच.”

सकाळी बाबूनं पडवीतलं भाताच्या तुसाचं पोतं सायकलीला बांधलं. जुनी माणसं असंच करायची. कुठलं पाणी कुठं निघतं ते बघायला वर तूस सोडायचं आणि खाली माणूस बसवायचा. पण तूस कुठलंही असू शकतं, म्हणून बाबूनं त्यात आपल्या ठेवणीतला गेरू कालवला. तांबडंलाल झालं. निघताना तुळसाला म्हणाला, “आज झऱ्यावर जरा बसून राहा. काय आलं तर फोन कर.”

“काय यायचंय? वरात?”

“बस म्हटलं तर बस ना.”

आठ वाजता पहिले दोन ट्रक धुवायला लागले तसं बाबूनं पोतं बिळात मोकळं केलं. तूस गरगर फिरलं आणि दिसेनासं झालं. मग तो दगडांना चुना लावत बसला. नऊ वाजले, दहा वाजले. फोन नाही. बाबूला उगाच हलकं वाटायला लागलं. कातळ पितो हे आपण बोललो ते काही खोटं नव्हतं, असं त्यानं स्वतःला दोनदा सांगितलं. साडेदहाला त्यानं गुणगुणायलाही सुरुवात केली.

अकरा वाजून गेल्यावर फोन वाजला.

“आवो, झऱ्यातनं तूस येतंय.”

“कसलं?”

“तांबडं. सगळा झरा कुंकवासारखा झालाय. गुरं पाणी प्यायला मागत नायत. तुमी कुठं टाकलंत ते?”

बाबूची नजर उताराकडं गेली.

“बिळात टाकलंत,” तुळसा म्हणाली. “अठरा वर्षं माझ्या नाकाला खोटं पाडलंत.” आणि तिनं फोन ठेवला.

बाबूनं बादली खाली ठेवली. हात धुतले, टोपी नीट केली आणि ऑफिसाकडं निघाला. चालताना त्याला दोन्ही बाजूंचे पांढरे दगड दिसत होते, आणि आयुष्यात पहिल्यांदा वाटलं की फारच आहेत.

ऑफिसात साहेब, वेदिका आणि दीपक होते. “मॅडम,” बाबू म्हणाला, “माझी ती सही खोडा. कातळ पीत नाय. पाणी आमच्या झऱ्यात उतरतं.” आणि त्यानं पहारेपासून गेरूपर्यंत सगळं सांगितलं. तुळसाचं नाकसुद्धा वगळलं नाही.

साहेब खुर्चीतून उठले. “बाबू, अठारह साल से हम तुम्हारे गाँव को डीज़ल पिला रहे थे?”

“साहब, आपने नहीं. होल हमने पाडा.”

“पाटी बन चुकी है, मालूम है ना?”

“मालूम है साहब. खुंटी भी ठोक दी है.”

यावर दीपकला हसू फुटलं, तो फाइल तोंडावर धरून बाहेर पळाला. साहेबही मिशीत हसले. वेदिका मात्र हसत नव्हती, भराभर लिहीत होती. तिनं जुनी ओळ खोडली नाही, तिच्याखाली नवी लिहिली, तारखेसकट. म्हणाली, “काका, या पद्धतीत चूक लपवायची नसते, नोंदवायची असते. आणि तुमची ही तुसाची चाचणी मी लिहिणार आहे. लोट्याला आम्ही यासाठी रंगाचे डबे मागवायचो.”

“सही करू?”

“करा.”

ही सही बोटात टोचली नाही.

पंधरा दिवसांत उताराच्या कडेला तीन कप्प्यांची टाकी बांधून झाली. पहिल्या कप्प्यात गाळ बसतो, दुसऱ्यात तेल वर तरंगतं ते काढून पिंपात भरतात, तिसऱ्यातलं पाणी पुन्हा गाड्या धुवायला. बीळ बुजवलं बाबूनंच, त्याच पहारेनं खडी ठासून आणि वर सिमेंट. पद्धत नीट बसलीय का ते बघायला बाहेरचे तपासनीस आले तेव्हा त्यांना सगळ्यात जास्त वेळ लागला तो तुसाच्या नोंदीच्या एका पानाला. ते पान त्यांनी दोनदा वाचलं आणि पुढं झऱ्यावर जाऊन आले. तुळसानं त्यांनाही वास घ्यायला लावला.

रिटायरमेंटच्या दिवशी पाटी बाबूला मिळाली. दुसरी करायला वेळ नव्हता. साहेब म्हणाले, वह लाइन तुम खुद देख लो. बाबूनं ब्रश आणला आणि ‘कायमचा’ या शब्दावर शेवटचा चुना लावला. ती तशीच त्याच्या घरात खुंटीवर आहे.

झऱ्याचा वास काही लगेच गेला नाही. तो पावसाळा जावा लागला. दिवाळीनंतर तुळसा म्हणाली, कमी झालाय. संक्रांतीला काहीच बोलली नाही आणि बाबूला ते पुरेसं होतं.

पुढच्या मार्चला डेपोतून फोन आला. वेदिकाच्या पद्धतीत दर वर्षी तुसाची चाचणी लिहिलेली होती: टाकीशी गेरू घातलेलं तूस सोडणार माजी कर्मचारी बाबू धनावडे, झऱ्यावर निरीक्षक तुळसा बाबू धनावडे. बाबू पोतं घेऊन वर गेला, तिथं वेदिका वही घेऊन आलीच होती; तुळसा बसायला पाट घेऊन खाली झऱ्यावर बसली.

अकराला बाबूनं फोन केला. “काय आलं?”

“नाय.”

बारा. “काय आलं?”

“एक म्हैस आली. पाणी प्याली आणि गेली.”

दोनला काही नाही, तीनला काही नाही. चारला बाबू म्हणाला, “आता ये घरी. झालं आपलं काम.”

“येते,” तुळसा म्हणाली, पण उठली नाही. “आधी त्या बायला वही घेऊन खाली पाठवा. मला सही करायचीय.”