गव्हातला कळप

वत्सलाकाकूंच्या गव्हात काल मला कळप दिसला. मेंढरं नव्हती. पेरणीआधी एका धनगरानं तीन रात्री त्या रानात मेंढरं बसवली होती, आणि जिथं ती बसली तिथला गहू आता काळपट हिरवा झाला होता. वारा आला की अख्खा कळप कूस बदलायचा. उठून मात्र जात नव्हता.

मधोमध एक पिवळा पट्टा होता, माणसाएवढा लांब.

"तिथं धनगर निजायचा घोंगडी टाकून," काकू म्हणाल्या. "बाकी रानाला लेंड्या-मूत मिळालं, तेवढीच जागा उपाशी राहिली."

यंदा रानाला युरिया लागलाच नाही. त्या पट्ट्यापुरता काकूंनी ओटीत घेतला होता. आपण उठून जातो, मला वाटलं, आणि आपल्या पाठीचा आकार मागं राहतो, भुकेला.

पट्ट्याच्या उशाशी उभं राहून काकूंनी हात उचलला. पांढरी मूठ मिटलेलीच राहिली.

"टाका की," मी म्हटलं.

"मूठमाती दिल्यावानी वाटतंय," त्या पुटपुटल्या. "माणूस जिता हाय गं अजून."