भंगारातलं दार

जुनं सागवान घासल्याचा वास आला, की मला लातूरची खोली आठवते. भूकंपाला चार-पाच वर्षं झाली होती, मी बारावीच्या क्लासेससाठी तिथं राहायचे. भंगारातून आणलेलं दार घासून मी त्याचं टेबल करत होते. रोज खाणावळीचा डबा पोचवणाऱ्या मावशींचा हात दाराच्या कोपऱ्यावरच्या पत्र्याच्या ठिगळावर थांबला. “उंदरानं कुरतडलं म्हणून मीच ठोकलं होतं ह्ये. भूकंपाच्या राती ल्योक आतून ढकलीत होता, मी बाहीरून वढीत हुते. उघडलंच न्हाई.” मी म्हणाले, “मावशी, घेऊन जा.” “कुठं लावू? नव्या घराला लोखंडी हाय. तू अभ्यास कर, माय.” वर्षभर मी त्याच दारावर गणितं सोडवली. आज डॉक्टर म्हणवून घेते, पण त्यांच्या मुलाचं नावसुद्धा मी विचारलं नाही, हे अजून खुपतं.