तर्री-पोह्यांचा पहिला नंबर

नाचणगावच्या तर्री-पोहेवाल्याचं नाव मी कधी विचारलं नाही. एका हातानं पोहे हलवताना दुसऱ्या हातात त्याची रील सुरूच असायची. मोबाइलवर पोहे शोधले की समोरचं हॉटेल आधी दिसतं, एवढंच त्याचं दुःख.

एकदा त्यानं माझ्या प्लेटमध्ये न मागता तिसरी पळी तर्री ओतली आणि मोबाइल माझ्यावर रोखला. "काकाजी, सध्या तिखट खाऊन रडणाऱ्याइचे व्हिडिओ लय चालून राह्यले. जरासं रडता का?"

मला अभिनय येत नाही. मी खरंच रडलो, नाकासकट.

व्हिडिओ इतका फिरला की आठवड्यात त्याचं दुकान शोधात सगळ्यात वर आलं. सोबत माझं रडकं तोंडही.

बायकोनं ते पाहिलं. म्हणाली, "चला, शाळेत नाई जमलं, इथं तरी पहिले आले तुमी."